जावई नसलेला ट्रक

ज्या खेळात हरल्याने काही जात नाही आणि जिंकल्याने काही मिळत नाही, त्या खेळात माणसं जास्त का चिडतात, हा प्रश्न मला बरीच वर्षं पडलेला आहे. मी काही मोठी विचारवंत नाही. अमरावतीत राजापेठेतल्या एका रक्त तपासायच्या लॅबमध्ये मी टेक्निशियन होते. सकाळी उपाशीपोटी आलेल्यांच्या दंडाला पट्टा बांधायचा, शीर शोधायची, नळ्या भरायच्या, मशीनमध्ये फिरवायला लावायच्या. दुपारी एकच्या सुमारास रिपोर्ट छापून झाले की अर्धा तास माझा. खालच्या मजल्यावर ट्यूशन क्लास होता आणि पोरांच्या स्कूट्या जिन्याच्या तोंडाशी अशा दाटीने लावलेल्या असत की बाहेर पडायचं तर आधी चार गाड्या सरकवाव्या लागत. त्यापेक्षा मी वरच डबा खायची आणि मोबाइलवर पत्ते खेळायची.

हे पत्ते म्हणजे रमी किंवा मेंढीकोट नव्हे. या ऑनलाइन खेळात प्रत्येकाकडे शेकडो चित्रांचे पत्ते साठत जातात. राक्षस, चेटकिणी, पूर, वणवे, मुंगूस, चिमण्या, काय वाट्टेल ते. त्यातले तीस निवडून आपला कॅट आपणच बांधायचा. समोरचाही स्वतःचा बांधून आणतो. म्हणजे निम्मा डाव पत्ते वाटायच्या आधी, निवडीतच ठरतो. खेळायला दोन दारं असत. एक रँकचं. तिथे जिंकलं की वर, हरलं की खाली, त्यामुळे जो तो हत्यारं पाजळूनच येणार, त्यात नवल नाही. दुसरं दार बिनरँकचं. तिथे हरा, जिंका, कोणी विचारत नाही.

मला उत्सुकता होती ती या दुसऱ्या दाराची. तिथे कोणता कॅट आणावा याला कायदा नाही, पण रीत आहे, हे मला हळूहळू समजलं. मी जुन्या रजिस्टरच्या मागच्या पानांवर टिपून ठेवायची: आज एकाने चौथ्या हातालाच मला झोपवलं, असला कॅट बिनरँकमध्ये आणतात का? आज एक जण हरतोय दिसताच न सांगता निघून गेला. आणि एकदा एका अनोळखी माणसाने, मी नुसत्या पक्ष्यांचा कॅट आणलेला पाहून, तीन हात मला मारलंच नाही. माझे पक्षी काय करतात ते बघत बसला. मग शेवटचा पत्ता टाकून त्याने मला संपवलं आणि "छान खेळलात" असा निरोप पाठवला. या खेळात गप्पा मारायची सोय नव्हती, असे पाच-सहा तयार निरोप तेवढे होते. मला त्या हरण्याचा इतका आनंद झाला की मी आमच्या डॉक्टरांना जाऊन सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाहून चष्मा पुसला.

पंगतीत आग्रह किती करायचा हे कुठे लिहिलेलं नसतं. जास्त झाला तर जेवणारा कावतो, आणि कमी झाला तर वर्षभर ऐकावं लागतं. तसंच हे, असं मी मनाशी ठरवलं. समोरचा दुबळा कॅट घेऊन आला असेल तर आपण हात आवरावा, हाच बिनरँकचा शिष्टाचार. शोध लागल्यासारखी मी खुश होते. अर्धवट शोध लागलेल्या माणसाने गप्प बसावं, पण मी बसत नाही.

या खेळाचं वेड मला लावलं ते माझ्या हॉस्टेलच्या मैत्रिणीने. ती अकोल्याची. आम्ही अमरावतीत तीन वर्षं एका खोलीत काढली. तिला वनस्पतिशास्त्र शिकवायचं होतं, पण शेवटच्या वर्षी तिच्या वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला आणि ती त्यांच्या बी-बियाणं आणि फवारणीच्या औषधांच्या दुकानात जाऊन बसली. मुसलमान घरातली चोवीस वर्षांची मुलगी कृषी केंद्राच्या काउंटरवर, हे पाहून शेतकरी आधी दुकानाची पाटी पुन्हा वाचत आणि "अब्बा कुठी गेले?" म्हणून विचारत. वर्षभराने ते तिलाच पानावरचे डाग दाखवायला लागले. घरी ती उर्दू बोलायची, दुकानात वऱ्हाडी, आणि चिडली की दोन्ही एकदम.

तिचा एक स्वभाव इथेच सांगते, कारण तो माझ्या लक्षात राहायला हवा होता आणि राहिला नाही. हॉस्टेलमध्ये असताना आम्ही कौंडण्यपूरच्या यात्रेला गेलो होतो. तिथे कड्या फेकून वस्तू जिंकायच्या दुकानावर तिने सगळ्या कड्या फेकल्या, एकही बसली नाही. दुकानदाराला दया आली. त्याने तिच्या हातात एक गुलाबी कंगवा ठेवला. ती दहा पावलं चालली, वळली आणि कंगवा त्याच्या फळीवर परत ठेवून आली. मी म्हटलं, फुकटचा होता, ठेवायचा. ती म्हणाली, म्हणूनच.

ती अकोल्याला गेल्यावर आमचं बोलणं फोनवर कमी आणि खेळात जास्त व्हायला लागलं. दुपारी एकला तिचंही दुकान रिकामं असे. खेळात तिच्या नावापुढे हिरवा ठिपका दिसला की मी डब्याचं झाकण लावायची. आमची एक रीत होती: डावाआधी मोबाइलवर एका शब्दाचा निरोप पाठवून आज कोणती गाडी काढली ते सांगायचं. ट्रक म्हणजे आपला सगळ्यात जबर कॅट, समोरच्याला चिरडणारा. बंडी म्हणजे बैलगाडी, हळू चालणारा मजेचा कॅट, जिंकला तर नवल. आणि काळीपिवळी म्हणजे आपल्याकडच्या खच्चून भरलेल्या प्रवासी जीपसारखा, ज्यात हाती लागेल तो पत्ता कोंबलेला. ट्रकसमोर ट्रक, बंडीसमोर बंडी. नियम मोडायचा तर आधी सांगून मोडायचा, आणि गाडी कोणतीही असो, खेळायचं मात्र जिंकायलाच.

माझ्या ट्रकमध्ये एक अजस्र राक्षस होता. त्याचं इंग्रजी नाव आम्हा दोघींना धड उच्चारता येत नसे. तो आला की टेबलावरचे सगळे पत्ते साफ. तिने त्याचं नाव जावई ठेवलं होतं. तो घरी आला की ताटात काही उरत नाही, म्हणून. जावई आला की ती फोन करून मला शिव्या घालायची आणि मग दोघी हसायचो.

मग ते वर्ष आलं ज्यात गुलाबी अळीने कपाशी खाल्ली. बोंड वरून टणक, चांगलं दिसायचं, आणि फोडलं की आतली सरकी पोखरलेली, रुई डागाळून, गोळा होऊन कवडी झालेली. वऱ्हाडात वाईट वर्षं काही नवी नव्हती. पण या वेळी लोकांना राग काढायला एक जागा होती, जिथून बियाण्याची थैली आणली ती. माणसं येऊन तिच्या काउंटरवर मूठभर बोंडं टाकायची. ती प्रत्येकाला सांगायची की थैली कंपनीची आहे, अळी थैलीतून आलेली नाही, पण बोंड फोडून बघायचीच. फोडलेली बोंडं तिने काचेच्या बरणीत भरून ठेवली. मला एवढी उत्सुकता की मी तिला म्हटलं, एक अळी पाठव, आमच्या सूक्ष्मदर्शकाखाली बघते. तिने अमरावतीला येणाऱ्या कोणाच्या तरी हातून डबीत घालून पाठवलीही. मी दुपारभर त्या अळीच्या पाठीवरचे गुलाबी पट्टे बघितले. मैत्रिणीला रोज दुकानात काय ऐकावं लागतं हे मात्र मी संक्रांत उलटून गेल्यावर विचारलं.

तेव्हा ती म्हणाली की दुकान चालवावं की शटर ओढावं हेच तिला कळत नाही. नातेवाईक येऊन हळहळतात, गिऱ्हाइकं हळहळतात, अब्बा पलंगावरून तिच्याकडे बघून डोळे पुसतात. मग म्हणाली, "हा एकचा डाव लय कामाचा आहे वं. दिवसभरात हेच एक ठिकान आहे, जिथं मले कोनी बिचारी म्हनत नाई."

मी ते ऐकलं. गलबललेही. आणि ऐकून नेमकी उलटी गोष्ट केली.

दुसऱ्या दिवशी तिचा निरोप आला, "ट्रक." मीही लिहिलं, "ट्रक." आणि खेळ उघडायच्या आधी मी माझ्या कॅटमधून जावई काढून ठेवला. सोबत त्याचे दोन साथीदारही काढले आणि त्यांच्या जागी तीन चिमण्या घातल्या. मला वाटलं, ती खचलेली आहे, समोरचा दुबळा असेल तर हात आवरायचा, आपल्या रजिस्टरात लिहिलंच आहे. ती जिंकली. हसण्याची खूण पाठवली. मला इतकं बरं वाटलं की त्या दुपारी मी एका रडक्या आजोबांची शीर पहिल्याच टोचणीत शोधली आणि तेही पुण्य खात्यात धरलं.

त्यानंतर मी जावई परत घातलाच नाही. ती रोज जिंकत गेली. दोन-तीन दिवस खुशीत होती. मग तिचं खेळणं विचित्र व्हायला लागलं. तिच्याकडे होते नव्हते ते सगळे पत्ते ती टेबलावर एकदम मांडायची. जावई हातात असलेल्या माणसासमोर असं कोणी करत नाही, कारण तो आला की सगळं एका झटक्यात जाणार. मला वाटलं, जिंकून जिंकून ती बेफिकीर झाली. जावई आहे की नाही, असं ती मला दार उघडून विचारत होती, आणि मी, जिला सगळ्या जगाच्या चालीचा अर्थ लावायची हौस, टेबलावर चिमणी ठेवत होते.

सातव्या दिवशी डाव संपल्यावर तिचा निरोप आला. "सात दिवस झाले, जावई घरी नाई आला. कुठी गेला?"

मी लिहिलं की पत्ता हातात आलाच नाही, नशीब फुटकं.

"बरं," तिने लिहिलं.

दुसऱ्या दिवशी एक वाजता हिरवा ठिपका नव्हता. तिसऱ्या दिवशी नव्हता. आठवडा गेला, मग दुसरा. फोन केला तर ती उचलायची, अब्बा बरे आहेत, काम आहे, मग बोलते, असं सांगून ठेवून द्यायची. मी रोज एकला तो करडा ठिपका बघत डबा खायची. भाजी कोणती होती तेही कळायचं नाही. तिच्या दिवसातली ती एकच जागा मी बुजवली होती, हे मला पुरतं कळलं नव्हतं. काहीतरी माझ्यामुळे मोडलंय, एवढंच आतून लागत होतं. मी रजिस्टरातली पानं पुन्हा पुन्हा वाचली. त्यात अनोळखी लोकांच्या शिष्टाचाराबद्दल पुष्कळ होतं, मैत्रिणीबद्दल काहीच नव्हतं.

मार्चातल्या एका सुटीच्या दिवशी मी अकोल्याची एसटी पकडली. बडनेऱ्यापासून मूर्तिजापूरपर्यंत कपाशीची वाळलेली झाडं अजून काही शेतांत तशीच उभी होती. दुकानात पोचले तेव्हा ऊन चांगलं चढलं होतं. तिने मला पाहिलं, एक स्टूल पुढे सरकवलं आणि थर्मासमधला चहा ओतला. रागावलेल्या माणसालाही पाहुणचार चुकवता येत नाही, हा आपल्याकडचा एक मोठाच त्रास आहे. मी चहा प्यायले.

तेवढ्यात एक म्हातारे शेतकरी आले. भेंडीचं बियाणं मागितलं. थैली हातात घेतली तरी ते जाईनात. मग, येत्या हंगामात कपाशी लावावी का, म्हणून विचारलं. मला वाटलं ती त्यांना धीर देईल. तिने बरणी उचलली आणि त्यांच्यासमोर ठेवली. त्यांच्या शेतात वेचणी संपल्यावरही कपाशी उभी आहे ना, फरदडीचं दुसरं पीक घ्यायचं म्हणून, असं तिने विचारलं. ते हो म्हणाले. मग पुढच्या वर्षी अळी पुन्हा घरी येणार, तिने सांगितलं. ती झाडं उपटा, जाळा, लवकर पेरू नका, आणि हे करणार नसाल तर माझ्याकडून कपाशीची थैली नेऊ नका. म्हाताऱ्याने तिच्याशी पाच मिनिटं हुज्जत घातली. मग, या आठवड्यात उपटतो पोरी, म्हणून निघून गेले.

ती ते गेलेल्या रस्त्याकडे बघत म्हणाली, "हा मानूस डिसेंबरात इथं उभा राहून मले नाई नाई ते बोलून गेला. मी बी बोलली. आता पाय, आला ना परत." बरणी मागच्या फळीवर परत ठेवत म्हणाली, "अन् जे म्हनले, जाऊ दे बेटा, तुझा काय दोष, त्यातला एक बी नाई आला. समोरच्या दुकानात जाते. मी पायतो ना इथून."

मग ती माझ्याकडे वळली. "तू बी माह्याशी गोड बोलून राहिली होती. पत्त्यानं."

माझी मान खाली गेली. मी म्हटलं, "मले वाटलं, तुले बरं वाटन."

"वाटलं ना. तीन दिवस लय बरं वाटलं. मंग समजलं का तू बी मले बिचारी म्हनून राहिली."

मला रडू आलं. रडू नये म्हणून मी चहाचा रिकामा कप पुन्हा तोंडाला लावला. कौंडण्यपूरचा तो गुलाबी कंगवा मला आत्ता आठवला, इतक्या उशिरा. माझ्या रजिस्टरातला सगळा शोध दुबळा कोण हे मीच ठरवण्यावर उभा होता. तो अनोळखी माणूस माझ्या पक्ष्यांकडे तीन हात बघत बसला तो मी बिचारी म्हणून नव्हे, पक्षी काय करतात हे त्याला बघायचं होतं म्हणून. आणि शेवटी त्याने मला मारलं होतं. ते शेवटचं मी सोयीने विसरले होते.

मी फोन काढला. तिच्यासमोर कॅट उघडला, तीन चिमण्या बाहेर काढल्या, जावई आणि त्याचे साथीदार परत घातले. ती काउंटरवर कोपर टेकवून बघत होती. एक वाजायला अजून दहा मिनिटं होती, पण तिने स्वतःचा फोन उचलला.

मी म्हटलं, "ट्रक."

ती म्हणाली, "बंडी."

मी चमकले. ट्रकसमोर बंडी, हे आमच्या रीतीत बसत नव्हतं. पण तिने आधी सांगून नियम मोडला होता, आणि का मोडला ते मला कळलं. समोर बंडी दिसल्यावर माझा हात थांबतो का, ते तिला बघायचं होतं.

बंडी मजेची होती. गाई, कोंबड्या, एक आंधळा बासरीवाला. हळूहळू तिने सगळं गाव टेबलावर मांडलं. सहाव्या हाताला जावई माझ्याकडे आला. तो टाकला की तिचं सगळं जाणार होतं. ती माझ्यापासून हातभर अंतरावर बसली होती, तिच्या मागच्या फळीवर बोंडांची बरणी होती, आणि माझा अंगठा खरंच अडला. वेळ संपत आल्याची खूण पडद्यावर लुकलुकायला लागली. ती माझ्याकडे बघत नव्हती, पडद्याकडे बघत होती. मी जावई टाकला.

गाई गेल्या, कोंबड्या गेल्या, बासरीवाला गेला. पुढच्या हाताला ती हरली. तिने उर्दूतून एक शिवी दिली, मग वऱ्हाडीतून दुसरी. मग खेळातला "छान खेळलात" हा निरोप तिने बोटाने दाबला, आणि ती समोर बसलेली असतानाही तो माझ्या फोनवर येऊन टुणकन वाजला.

"आता मी बी ट्रक काढतो," ती म्हणाली.

पाचची गाडी लागेपर्यंत आम्ही आणखी चार डाव खेळलो. मधे दोन गिऱ्हाइकं आली, त्यांना तिने थांबायला लावलं. चारही डावांत जावई माझ्या कॅटमध्ये होता, दोनदा तर अगदी वेळेवर आलाही, आणि तरीही चारही डाव मी हरले.